तू नाकारलेला तारा

दत्ता,

तुझ्या शोकसभेत मला खाली बसवण्यात आले. हे तुला सर्वांत आधी कळले पाहिजे. वाचनालयाच्या वरच्या सभागृहात तुझ्या फोटोला चाफ्याचा हार घातला होता. आपल्या आकाशनिरीक्षक मंडळाचे अध्यक्ष माईकसमोर उभे राहून म्हणाले की दत्तारामपंत अजातशत्रू होते. त्यांच्यामागून उठलेल्या गृहस्थांनीही तेच सांगितले. त्यांच्यामागून आलेल्या बाई ‘खऱ्या अर्थाने अजातशत्रू’ असे म्हणाल्या. जणू आधीच्या दोघांनी तो शब्द खोट्या अर्थाने वापरला होता. मी उठलो आणि विचारले, “मग मी कोण?”

कोणी हसले नाही. शेजाऱ्याने माझा सदरा धरून ओढला. विनायकरावांच्या भावना आपण सगळेच समजू शकतो, असे अध्यक्ष म्हणाले आणि दोन मिनिटे शांतता पाळण्याची सूचना केली. माझ्या भावना त्यांना मुळीच समजल्या नव्हत्या. मी गहिवरलो नव्हतो, चिडलो होतो. ज्या माणसाशी भांडण्यात मी माझे सगळे निवृत्त आयुष्य खर्च केले, त्याला कोणी शत्रूच नव्हता, असे माझ्यादेखत ठरत होते आणि त्या ठरावाला सभा माना डोलवत होती.

तू मृदुभाषी होतास, हे त्या सभेतले दुसरे असत्य. तू कोणाला दुखावले नाहीस, हे तिसरे. माझ्या कृत्तिकांचे चित्र पाहून, “हे आकाश आहे की तुझ्या मुलीच्या लग्नातला मांडव?” असे विचारणारा माणूस मृदुभाषी कसा? त्या चित्रातली निळाई जमवायला मी आठवडा घालवला होता. माझ्या ताऱ्यांना तू साबुदाणा म्हणायचास. मी तुझ्या ताऱ्यांना राखेत सांडलेला रवा म्हणत असे, आणि या उपमेबद्दल मला आजही खेद नाही, कारण ती अचूक होती.

आपण दोघेही पूर्णगडचे, एकाच शाळेतले. पण आपली बालमैत्री होती, हे जे आता सांगितले जाते, तेही मला मान्य नाही. शाळेत आपण एकमेकांना ओळखत होतो, इतकेच. पुढे तू जहाजावर रेडिओ ऑफिसर झालास आणि जगभर फिरलास. मी रत्नागिरीत राहून पोरांना यंत्रांची रेखाटने काढायला शिकवली. मैत्री झाली ती म्हातारपणी, मांडवीला, तुझ्या गच्चीखालच्या रस्त्यावर. मी संध्याकाळचा फिरून परतत होतो. वर तू नवी दुर्बीण मांडून बसला होतास आणि तिची बैठक विलायतेतल्या कारखान्यातून आली तशीच उंच कललेली होती. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम वीतभर वर असतो. बैठकीचा अक्ष ध्रुवावर रोखावा लागतो, आणि ती बैठक भलतीकडेच तोंड करून होती. मी खालून ओरडलो, “तुझा अक्ष चुकलाय.”

“वर येऊन दाखव,” तू म्हणालास, “नायतर चालू लाग.”

मी वर आलो. ती बैठक खाली कलवून ध्रुवावर आणीपर्यंत वहिनींनी दोनदा कोकम सरबत पाठवले. त्या दिवसापासून आपण एकमेकांच्या चुका काढत राहिलो आणि त्यातच आकाशाचे फोटो काढायला शिकलो.

तारावहिनींना या सगळ्याची गंमत वाटे. सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, रात्रभर फोटो काढून आपण परतलो की सकाळी चहा देताना त्या विचारायच्या, “आज माझ्या किती सवती मोजल्यात?” तू दर वेळी नवा आकडा सांगायचास आणि त्या दर वेळी कपाळावर हात मारून घ्यायच्या. त्या गेल्या, आणि तू तारा हा शब्द सोडलास. हे माझ्याखेरीज कोणाच्या ध्यानात आले असेल असे मला वाटत नव्हते. तू ‘ठिपका’ म्हणू लागलास. हा ठिपका हलला, तो ठिपका फुगला. मंडळातल्या नव्या लोकांना तो तुझा विनोद वाटे. मी त्याबद्दल तुला कधी विचारले नाही आणि तू कधी सांगितले नाहीस. आपल्यातल्या न भांडलेल्या गोष्टी फार थोड्या. त्यांतली ही एक.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडे येतो. सभेत त्याचा उल्लेखही झाला नाही, आणि त्यावाचून तुझ्याविषयी बोलणे म्हणजे समुद्र वगळून मांडवीविषयी बोलणे होय.

उन्हाळ्यात नरतुरंग तारकासमूहातला तो मोठा तारकागुच्छ दक्षिणेला, पूर्णगडच्या बाजूला वर येतो. नुसत्या डोळ्यांना तो एक पुसट तारा वाटतो. प्रत्यक्षात लाखो ताऱ्यांचा गच्च गोळा आहे. तू तो दक्षिणेच्या समुद्रांत डोक्यावर पाहिला होतास आणि हे मला ऐकवण्याची एकही संधी सोडली नव्हतीस. आपल्या सड्यावरून तो फार वर येत नाही, आणि नंतर पश्चिमेकडे उतरू लागला की मासेमारीच्या बोटींच्या पांढऱ्या उजेडात शिरतो. एकच लांब फोटो घेऊन तो साधत नाही. लहान लहान फ्रेमा पुष्कळ घ्यायच्या आणि नंतर संगणकावर त्या एकमेकींवर रचून त्यांची सरासरी काढायची, म्हणजे अंधुक तारे हळूहळू वर येतात. फ्रेमा आपण एकत्र घ्यायचो. मग त्यांची एकेक प्रत घेऊन तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी. आणि एकाच पिठाच्या दोन वेगळ्या भाकऱ्या व्हायच्या.

कारण तू फ्रेमा टाकायचास. एकेक उघडून, भिंग लावून, निर्दयपणे. ही हलली. ही धुरकट. हिच्यात बोटींचा उजेड शिरलाय. लोक ज्याला तुझा संयम म्हणतात तो मी जवळून पाहिला आहे. तो एखाद्या कडक परीक्षकाचा संयम होता. मी मात्र सगळ्या फ्रेमा ठेवत असे. उजेड मागाहून वजा करता येतो, असे माझे म्हणणे होते आणि आहे. “कुजका आंबा पेटीत ठेवशील आणि मागाहून वास वजा करशील, असंच ना?” तू म्हणायचास. मी म्हणे, तुझ्या पेटीत शेवटी गवतच उरते.

मागल्या मे महिन्यात मंडळाने त्याच सभागृहात प्रदर्शन भरवले. आपली दोन चित्रे शेजारी शेजारी लावली होती, एकाच फ्रेमांतून केलेली. तुझे करडे, बारीक, रवाळ. माझे सोनेरी, मधूनच एखादी निळी ठिणगी असलेले. लोक माझ्यापुढे थांबत होते. तुझ्यासमोर थांबणाऱ्यांत बहुतेक तुझे नातेवाईक होते. तू भिंग काढलेस, माझ्या चित्राला जवळजवळ नाक लावलेस, मग आपल्या चित्राला, मग पुन्हा माझ्या. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, “विन्यानं नवीन ठिपका आणलान. कुठनं आणलास रे?”

गुच्छाच्या डाव्या कडेला माझ्या चित्रात एक ठळक तारा होता. तुझ्या चित्रात त्या जागी काही नव्हते. तारे टोकदार करणारा तो नवा प्रोग्राम मी वापरला होता, हे तुला ठाऊक होते. तो नसलेले तारे घडवतो, हा तुझा जुना आक्षेप. आता तो तू भर सभेत सिद्ध केलास, असे तुला वाटले. लोक हसले. मी म्हणालो की तुला दिसत नसेल तर चष्मा बदल. तू म्हणालास, फायली एकच, मग तुझ्याकडे आहे ते माझ्याकडे का नाही? पुरावा दे.

मी पुरावा दिला नाही. माझा शब्द पुरेसा असला पाहिजे असे माझे मत होते, आणि ते मी बदललेले नाही.

त्यानंतर आपल्यात अबोला होता आणि मग आपण समेट केला, अशी एक कथा आता गावात फिरते. ती रचणाऱ्याला आपली काहीच कल्पना नाही. पुढच्याच रविवारी तू फणसाचे गरे घेऊन माझ्याकडे आलास, त्यांतले निम्मे स्वतःच खाल्लेस, आणि जिना उतरताना विचारलेस, “ठिपका काढलास का?” मी नाही म्हणालो. त्यानंतर तू येत राहिलास आणि जाताना हेच विचारत राहिलास. अबोला नव्हता, म्हणून समेटाचे कारण नव्हते. एक वाद होता, तो जिवंत होता, आणि आपण दोघेही त्याला नीट खाऊपिऊ घालत होतो.

मग तुझ्या छातीचे दुखणे निघाले. हॉस्पिटलात मी रोज येत असे. शेवटच्या भेटीत ऊन उतरले होते. तुझ्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, आणि तुझी मुलगी शुभदा दाराशी औषधांची पिशवी घेऊन उभी होती. तू माझ्याकडे पाहिलेस. मुखवटा हाताने खाली ओढलास आणि म्हणालास, “तारा... नाही.”

मी तुला म्हटले, मुखवटा लाव, मागाहून भांडू. तू मान हलवलीस. शुभदा डोळ्यांना पदर लावून बाहेर गेली. मागाहून मात्र झाले नाही.

तेराव्यानंतर शुभदाने मला बोलावून घेतले. वाचनालयात तुझ्या स्मरणार्थ त्या तारकागुच्छाचे मोठे चित्र लावायचे ठरले होते. तिने चहा दिला आणि फार अदबीने सुचवले, “काका, तुमचं चित्र लावू या का? बाबांचं जरा काळपट येतं. खाली नाव बाबांचं घालू. फोटो दोघांनी मिळूनच काढलेत ना?”

दत्ता, ज्या चित्रातला तारा तू नाकारलास, ते चित्र तुझ्या नावाने लागणार होते! मला क्षणभर हसू आले आणि मग इतका संताप आला की चहा तसाच राहिला. मी तिला सांगितले की हे तुझ्या बापाला शिवी देण्यासारखे आहे आणि मलाही. लावायचे तर त्याचेच लावायचे, काळपट असेल तर काळपट.  मग म्हणाली की चित्राखाली एकच शब्द कोरायचा आहे, तो मात्र ठरलेला आहे. बाबांचा शेवटचा शब्द. तारा. “आईचं नाव घेऊन गेले, काका. इतकी वर्षं घेतलं नव्हतं.”

तसाच राहिलेला तो गार चहा मी एका घोटात संपवला.

तुझे मूळ चित्र शोधून द्यायचे म्हणून तिने तुझा संगणक माझ्या हवाली केला. चित्र लगेच सापडले. त्याच्या शेजारी एक फोल्डर होता; त्याला तू ‘केर’ असे नाव दिले होतेस. त्यात तू टाकलेल्या सगळ्या फ्रेमा होत्या. टाकाऊ ठरवलेले तू इतके नीट लावून का ठेवलेस, हे मला कळले नाही. त्या फ्रेमा माझ्याकडेही होत्याच, पण मी सरासरी काढणारा माणूस. एकेक उघडून पाहणे हे तुझे काम. तू नव्हतास, म्हणून मी ते केले.

गुच्छ खाली उतरत होता, बोटींचा उजेड चढत होता, आणि फ्रेमा धुरकट होत चालल्या होत्या. तू टाकल्यास ते तुझ्या नियमाने योग्यच होते. पण डाव्या कडेला, त्या नेमक्या जागी, आधी एक अगदी मंद कण होता. पुढच्या फ्रेमांत तो थोडा उजळ. आणखी पुढे आणखी उजळ. शेवटच्या, सर्वांत घाणेरड्या फ्रेमांत तो आजूबाजूच्या सगळ्यांहून ठळक. रूपविकारी तारा, दत्ता. अर्ध्या दिवसात मिटून पुन्हा फुलणारा. या गुच्छात असे पुष्कळ आहेत, हे तुला माहीत होते, मला माहीत होते, आणि इतके महिने भांडताना दोघांपैकी एकालाही ते सुचले नाही. तू ठेवलेल्या फ्रेमांत तो मिटलेला होता. तो फुलला तो तू टाकलेल्या फ्रेमांत. प्रोग्रामने काही घडवले नव्हते. तारा होता.

मी जिंकलो. खुर्चीतून उठलो, फोनकडे हात नेला, आणि मग फोनकडे नुसता पाहत राहिलो. मंडळातल्या कोणालाही हे सांगता आले असते. अध्यक्षांनी माझे अभिनंदन केले असते. पण त्यांना मला काहीच पटवायचे नव्हते. ज्याला पटवायचे होते त्याने पुरावा मागितला होता तेव्हा मी तो दिला नाही, आणि आता पुरावा हातात आहे तर मागणारा नाही. शोकसभेत आले नाही ते डोळ्यांतले पाणी मला तुझ्या त्या केराच्या फोल्डरसमोर आले. हे मी येथे लिहितो ते दयेसाठी नव्हे. मी मंडळाला काही कळवले नाही, त्याचा कोणी भलता अर्थ लावू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी संगणक घेऊन मी शुभदाकडे गेलो. तुझे चित्र तिला दिले. मग केरातल्या फ्रेमा एकापाठोपाठ एक लावून दाखवल्या. तो तारा उमलताना तिने पाहिला. मी तिला सगळे सांगितले. प्रदर्शन, ठिपका, पुरावा. आणि तेही सांगितले, जे सांगावे की नाही या विचारात मी रात्र काढली होती: तुझ्या बाबांनी माझ्याकडे पाहून म्हटले होते, तारा नाही. ती आईला मारलेली हाक नव्हती. तो आमचा वाद होता. चित्राखाली चुकीची गोष्ट कोरली जाऊ नये.

मला वाटले होते ती रडेल. ती तुझी मुलगी आहे, हे मी विसरलो होतो.

“बाबा ताऱ्याला तारा कधी म्हणायचे, काका?” तिने विचारले. “ठिपका म्हणायचे ना?”

म्हणजे तिच्याही ध्यानात होते. मी उत्तर दिले की माणूस अखेरचे बोलतो तेव्हा टोपणशब्द वापरत नाही, खरा शब्द वापरतो. उत्तर चांगले होते. ते देताना मला माझा आवाज आवडला नाही.

“आणि नाही म्हणाले ते तुम्हाला,” ती म्हणाली. “तुम्ही मुखवटा लाव म्हणालात म्हणून.”

मी सांगितले की क्रम तसा नव्हता. नाही आधी, मुखवटा मागाहून. क्रम मला स्वच्छ आठवतो, असे मी तिला म्हणालो. तेव्हा तो आठवत होता. गेल्या काही दिवसांत मी ते दृश्य इतक्या वेळा उलगडून पाहिले आहे की आता प्रत्येक वेळी ते थोडे वेगळे दिसते, आणि यांतली कोणती फ्रेम टाकावी हे सांगायला तू नाहीस.

ती उठली, संगणक बंद केला आणि माझ्या हातात दिला. “बाबांचंच चित्र लावू,” ती म्हणाली. “ते तुमचं बरोबर आहे. खालचा शब्द राहू दे.” मी पुन्हा तोंड उघडले, तशी ती थांबली आणि अगदी हळू म्हणाली, “तुम्ही घरी गेल्यावरही ते तेच म्हणत होते, काका. भिंतीकडे बघून. वादच होता म्हणता, तर तेव्हा भांडायला समोर कोण होतं?”

या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. तुझ्या जाण्यानंतर जेवताना, फिरताना, दाढी करताना मी तुझ्याशी भांडण्याखेरीज दुसरे काय करत आलो आहे? ते उत्तर ऐकले असते तर तो शब्द तिला आईकडून काढून आपल्या वादाच्या स्वाधीन करावा लागला असता. समोर माणूस नसला की भांडण थांबते, अशी तुझ्या मुलीची समजूत आहे. तिच्या तोंडावर मी ती खोडून काढली नाही.